अकराजणींचा सातवा खंड

कंपनीचं नाव मी लिहिणार नाही. त्यांना फुकटची जाहिरात कशाला? ज्यांच्या घरी ती वाचायची पाटी आहे त्यांना नाव ठाऊक आहे, आणि ज्यांच्या घरी नाही त्यांनी सुखाने जगावं.

मी तासगावला बेदाण्याच्या शेडमध्ये काम करते. आता बेदाण्याचा रंग यंत्र बघतं, आकार यंत्र बघतं, खडा असेल तर यंत्रच फुंकून उडवतं. पण दाण्याच्या बुडाला चिकटलेली बारीक काडी त्याला अजून नीट सापडत नाही. ती बोटाला सापडते. म्हणून परदेशी जाणारा हिरवा माल शेवटी आम्हा अकराजणींच्या ताटांमधून जातो.

अकरापैकी दहाजणी निवडतात आणि एक वाचते. ही पद्धत आक्काताईंनी पाडली, त्याला आता पंचवीस वर्षं होतील. वाचणारीच्या ताटात बाकीच्या दहाजणी आपल्या निवडलेल्या मालातली एकेक ओंजळ टाकतात, तिचं वजन भरतं. मुकादमाला हे दिसतं, पण तो पाठ फिरवतो, कारण वाचन चालू असलं की हात भराभर चालतात आणि कुणी कुणाशी भांडत नाही. वाचते मी. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचं जे काही आलं ते असं मोठ्याने वाचता वाचताच आलं.

नियम एकच. वाचणारीने पदरचं घालायचं नाही आणि पुस्तकातलं गाळायचं नाही. पहिल्या वर्षी मी एक चुंबन गाळलं होतं. पुढच्याच ओळीत नायिका विस्कटलेले केस नीट करायला लागली, तेव्हा आक्काताई काडी काढता काढता म्हणाल्या, "मालन, वारा आलावता का गं तिथं?" अख्खी शेड हसली. तेव्हापासून मी काही गाळलेलं नाही.

धामणकरबाईंची 'तरंगिणी' आम्ही अशी तीनदा वाचली. सहा खंड. पृथ्वी सोडून निघालेलं एक यान, त्यात चारशे कुटुंबं, आणि पोचायला तीन पिढ्या. यानात पाण्याची एकच टाकी आणि तिची राखणदार कावेरी. चौथ्या खंडात यानाचे दोन भाग होतात, आणि कावेरीचा नवरा श्रीरंग "येतो" म्हणून दुसऱ्या भागातून वेगळ्याच ताऱ्याकडे निघून जातो. पाचव्यात साथ येते. ती पाण्यातून पसरते आहे हे कळल्यावर कावेरी एका विभागाचं पाणी तोडते. यान वाचतं, पण त्या विभागातली बत्तीस माणसं मरतात. त्यांत तिच्या मुलीचा, मुक्ताचा, होणारा नवरा असतो. मुक्ता आईशी बोलणं टाकते. सहाव्या खंडाच्या शेवटी टाकीच्या कवचाला तडा जातो. तो आतून बुजवावा लागतो. कावेरी आत शिरते, दारावर मुक्ता उभी, चाकावर हात. खिडकीत नवा ग्रह दिसायला लागलेला. खंड संपला.

अकरा वर्षं मुक्ताचा हात त्या चाकावर होता. आमच्यातल्या दोघींच्या मुलींची लग्नं झाली, एकीला नातू झाला, शकिलाला शुगर निघाली, तरी तो हात हलला नाही. मग धामणकरबाई गेल्या. त्यांच्या कपाटात सातवा खंड पूर्ण लिहिलेला सापडला म्हणून बातमी आली. आम्ही त्या दिवशी पेढे वाटले. बाई गेल्याचं दुःख होतं, पण पेढे वाटले, खोटं कशाला बोलू?

खंड कागदावर निघालाच नाही. ज्या कंपनीने हक्क घेतले तिने तो फक्त आपल्या पाटीवर आणला आणि वर लिहिलं 'जिवंत आवृत्ती'. आम्हाला वाटलं, आतून उजेड पडतो म्हणून जिवंत. वाचनालयाने महिन्याच्या बोलीवर एक पाटी दिली. जेवणाच्या ताटाएवढी, पातळ, आणि हातात धरली की मांडीवरच्या मांजरासारखी ऊबदार लागायची. खाली ठेवली की विझायची. सुरुवातीला तिने नाव विचारलं, मग बारीक अक्षरांची बरीच पानं आली आणि खाली 'मान्य'. मी दाबलं. कुणी नाही दाबत?

सहाव्या दिवशी आम्ही त्या दारापाशी पोचलो. मुक्ता चाक फिरवते, दार उघडते, आत वाकून आईचा हात धरते आणि म्हणते, "आई, पुरे झालं आता. चल घरी."

माझा आवाज तिथे फुटला. दहाही जणींचे हात थांबले. शकिला ओढणीने नाक पुसत होती. रतन उठली, माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि पाठीवर हात ठेवून तशीच थांबली. तिला ठाऊक होतं.

माझी पल्लवी मंगळूरला नर्स आहे. तिला पहिल्यांदा तिकडची जागा मिळाली तेव्हा तिचे वडील अंथरुणावर होते आणि मी तिला जाऊ दिलं नाही. बोलावण्याचं पत्र मी डब्यात ठेवलं, मुदत टळल्यावर दिलं. वडील गेले, ती पुन्हा परीक्षा देऊन गेली, आणि त्याला चार वर्षं झाली. दर रविवारी मी फोन लावते. ती उचलते, मी म्हणते, "पल्लवी, माझं चुकलं गं," आणि फोन बंद होतो.

तर ते पान वाचून माझा घसा बसला. रडण्याने थोडा, बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीने जास्त. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचं नाही असं सांगितलं. पाटी रतनकडे गेली.

रतन एकोणीस वर्षं माझ्या शेजारच्या ताटावर बसते. तिचा नवरा दिनकर चौदा वर्षांपूर्वी द्राक्षछाटणीच्या टोळीबरोबर नाशिककडे गेला तो आलाच नाही. रतनला विचारलं तर एकच उत्तर, "माझ्यापुरता मेला तो." कुंकू मात्र रोज लावते, आणि त्याबद्दल आम्ही कुणी कधी विचारलेलं नाही.

ती छान वाचत होती. तिसऱ्या दिवशी वाचता वाचता म्हणाली, "आणि तेवढ्यात श्रीरंगचं यान तरंगिणीला येऊन भिडलं."

शकिलाने हात थांबवला. "ह्यो कुठनं उगवला?"

"पुस्तकात हाय तसं वाचतेय."

"तीन खंड पत्ता न्हाई त्याचा. आन आता जावयासारखा आला? पुढं?"

रतनने पुढे वाचलं. श्रीरंग कावेरीच्या दारात उभा राहतो, गुडघे टेकतो, म्हणतो की एकही दिवस असा गेला नाही की तुझी आठवण आली नाही. रतनचे कान लाल झाले होते. आवाज मात्र असा गोड लागला होता की तसा मी एकोणीस वर्षांत ऐकला नव्हता.

"मागं जा," आक्काताई म्हणाल्या. "त्या दारापासनं वाच. काहीतरी सुटलंय."

रतन मागे गेली. आणि तिथे मुक्ताने दार उघडलंच नव्हतं. दार श्रीरंगने उघडलं होतं. "आई, पुरे झालं आता" हे वाक्य कुठेच नव्हतं. रतनने तीनदा शोधलं. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या मनात काय आलं ते मला तिच्या तोंडून निघायच्या आधीच कळलं.

"मालन," ती म्हणाली, "तू पदरचं घातलंस."

मी मान हलवून नाही म्हटलं.

"अगं मग कुठाय ते? दाखव की! आम्हा सगळ्यांना रडवलंस. तुला पल्लवी यायला हवी ते समजतं मला. पण म्हणून पुस्तकात घालायचं? शेडमध्ये बसून आमच्या कानात?"

पंचवीस वर्षं. एक चुंबन सोडलं तर एक अक्षर नाही गाळलेलं. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की डॉक्टर, घसा, सगळं विसरले. आवाज नव्हता तर कुजबुजले. आणि शेड इतकी गप्प होती की ती कुजबुज शेवटच्या ताटापर्यंत गेली.

"आणि श्रीरंग कुणी घातला, रतन? तुला कोण परत यायला हवाय ते अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे."

तिने पाटी खाली ठेवली. पाटी विझली. रतन आपल्या ताटावर गेली, ताट उचललं आणि शेडच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. त्या दिवशी उरलेला वेळ नुसता पंख्यांचा आवाज होता.

पाटी त्या संध्याकाळी शकिलाने घरी नेली. दुसऱ्या दिवशी आली ती गोंधळलेली.

"माझ्यात दारबिर न्हाईच," ती म्हणाली. "कुणी मरत न्हाई, कुणी रडत न्हाई. टाकी आपली आपण बुजली. सगळी त्या ग्रहावर उतरली आन जेवायला बसली. चार पानं नुसता स्वयंपाक, आक्काताई! बिर्याणी, शिरखुर्मा, वरनं जिलबी. मला शुगर झाल्यापास्नं मी असं काही वाचलं न्हाई."

हसू आलं, पण कुणी हसलं नाही. आक्काताईंनी आपल्या ताटातला एक दाणा उचलला, काडी काढली, दाणा ठेवला.

"पोरींनो, पुस्तक खोटं बोलायला लागलंय," त्या म्हणाल्या. "आन आपण आपल्याच बायकांना खोटं ठरवून मोकळ्या झालो. आता त्या कंपनीला जाऊन विचारा, आमच्या धामणकरबाईंचं काय केलं म्हणून."

कंपनीचं दुकान सांगलीला. मी, रतन आणि शकिला, तिघी गेलो. एसटीत शकिला मध्ये बसली. माझा आवाज थोडा परतला होता, पण रतनशी बोलायला तो मला वापरायचा नव्हता.

"शकिला, ह्यांना विचार, तिकीट काढलं का."

"शकिला, त्यांना सांग, काढलं. आणि पदरचं काढलं."

"मला दोघींचं तिकीट परवडलं असतं," शकिला म्हणाली, "पण दोघींचा तमाशा न्हाई परवडत."

दुकानात देशमाने नावाचे गृहस्थ भेटले. पन्नाशीचे, गोड बोलणारे. आधी कुठल्याशा कॉलेजात मराठी शिकवत होते असं त्यांनी आपण होऊन सांगितलं. थंड पाणी दिलं. आमची तक्रार ऐकून त्यांना आनंदच झाला.

"म्हणजे पाटी उत्तम चाललीय तुमची!"

मग त्यांनी समजावलं, आणि मला जे कळलं ते सांगते. पाटीच्या कडेला जिथे बोटं टेकतात तिथे बारीक डोळे असतात. ते बोटाच्या कातडीतून नाडी बघतात, आणि घाम किती सुटला तेही मोजतात. वरच्या कडेला एक डोळा असतो, तो आपल्या बुबुळावर असतो. कुठल्या शब्दावर नजर अडखळली, कुठे ती पुढे पळाली, कुठे श्वास रोखला, हे सगळं दर क्षणाला आत जातं. हजारो माणसांच्या अशा नोंदींवरून यंत्र शिकलेलं असतं की माणूस कुठे रमतो आणि कुठे पुस्तक मिटतो. मग आपण एक पान वाचत असतो तेव्हा पुढचं पान आत लिहिलं जात असतं, खास आपल्यासाठी. लेखिकेची भाषा, लेखिकेची माणसं, फक्त घटना अशी वळवायची की वाचणाऱ्याला हवं ते मिळावं. त्याला काय हवंय हे त्याने सांगायची गरज नाही. बरेचदा त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं.

"आणि मागची पानं?" रतनने विचारलं.

"हात बदलला की तीही बदलतात. नाहीतर कथेचा मेळ कसा बसणार?"

"मग बाईंनी लिहिलेलं कुठाय?" मी विचारलं.

"आहे ना, आत आहे. पायासारखं. पण ताई, ते आम्ही चाचणीला दिलं होतं. एकशे चाळिसाव्या पानावर शंभरातल्या एक्केचाळीस जणांनी पुस्तक सोडलं."

"सोडलं म्हणजे?"

"मिटलं. बाजूला ठेवलं."

"अहो, तिसरा खंड मी दोनदा भिंतीवर फेकलाय," मी म्हटलं. "आणि दोनदा उठून उचलून आणलाय. तुमच्या त्या एक्केचाळीस जणांनी उठून उचललं का, ते बघायला थांबला होतात का तुम्ही?"

देशमाने हसले. हे त्यांच्या मोजणीत नव्हतं. "वाचकाला दुःख देण्यात काय मोठेपणा, ताई? आयुष्यात कमी आहे का?"

"माझं दुःख मला पुरेसं आहे," मी म्हटलं. "मला कावेरीचं हवं होतं. त्यासाठी मी अकरा वर्षं थांबले. तुम्ही माझंच मला परत वाढलंत, वरून साखर पेरून!"

"मालनताई ना? थांबा, तुमचं समाधान दाखवतो." ते पडद्याकडे वळले. वर नाव माझं, पुढे आकडा चौऱ्याण्णव. खाली एक वाकडीतिकडी रेघ. ते रेघेवर बोट फिरवत, वैद्याने नाडी सांगावी तसे सांगायला लागले. "इथे बघा, आई आणि मुलीचा प्रसंग. नाडी एकशे अठरा. मागच्या खंडांच्या उल्लेखातही तेच. यंत्राचा अंदाज असा की तुम्हाला एक मुलगी आहे, दूर आहे, संबंध तुटलेला आहे, आणि दोष तुमचा..."

"बंद कर ते!"

रतन उठून उभी होती. एकोणीस वर्षांत तिने कुणा शिकलेल्या माणसाला अरेतुरे केलेलं मी ऐकलं नव्हतं.

"बंद कर म्हणते ना! तिची मुलगी हाय आणि ती बोलत न्हाई, हे तिनं मला सांगितलं. माझ्या घरात, चुलीपाशी बसून सांगितलं. तुला कुणी सांगितलं? तू कोण? तिच्या बोटातनं चोरून काढलंस आणि वर तिलाच रेघ दाखवतोस? आणि माझं..." तिने पदर खोचला. "माझं तर तिथं सगळ्या बायकांपुढं मलाच वाचायला लावलंत. माझ्याच तोंडानं."

देशमाने खरोखर दुखावले. "बाई, तुम्ही 'मान्य' दाबलंय. आणि खरं सांगायचं तर नियम तुम्ही मोडलात. पाटी एका माणसासाठी असते. अकराजणींनी ऐकायचं असं कुठेही लिहिलेलं नाही. आणखी एक सांगतो, ती मुलाबाळांच्या घोळक्यात देऊ नका. चार हात एकदम लागले की चार नाड्या मिसळतात, कुणाचं ऐकावं ते तिला कळत नाही. मग बिचारी काही न करता लेखिकेचंच जसंच्या तसं दाखवत बसते. लोक बिघडली म्हणून परत आणतात."

तो उपदेश त्यांनी आमच्या भल्यासाठी केला होता. शकिलाने ग्लासातलं पाणी संपवलं, ग्लास नीट टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंत, साहेब. आम्ही लई काळजी घेऊ."

नोंदी पुसून टाका असं मी म्हटलं तर त्यांनी अर्ज भरायला दिला. अर्ज भरायला आणखी एक 'मान्य' दाबावं लागत होतं. मी तो कागदावर लिहून दिला, सही करून. कागद कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना.

परतीच्या एसटीत शकिला खिडकीला जाऊन बसली. रतन माझ्या शेजारी आली. कवठे एकंदच्या अलीकडे ती म्हणाली, "मी तुला खोटारडी म्हटलं."

"मी त्याहून वाईट म्हटलं," मी म्हटलं. "आणि खरं म्हटलं, ते जास्त वाईट."

"व्हय," रतन म्हणाली. "ते जास्त वाईट." आणि तिने पिशवीतून पाण्याची बाटली काढून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत आमचं काम सुरू झालं. बेदाण्याने हात चिकट होतात, म्हणून आधी सगळ्यांनी साबणाने हात धुवायचे. मग डबे बाजूला सारून अकराजणींनी गोल बसायचं, गुडघ्याला गुडघा लावून. मध्ये पाटी. प्रत्येकीने तिच्या कडेला एक बोट टेकवायचं. ती उजळली, अक्षरं थरथरली, पुसली गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. मग एक पान स्थिर झालं.

"हलू नका," मी म्हटलं. "वाचते."

पहिल्याच परिच्छेदात मला कळलं. वाक्यं आखूड होती, जराशी खडबडीत, आणि मध्येच एक शब्द असा की त्यावर थांबून विचार करावा लागावा. पाटीच्या गोड पानांमध्ये मी अडखळले नव्हते. इथे अडखळले. धामणकरबाई घरी होत्या!

नऊ दिवस लागले. पहिल्या दिवशी आक्काताईंच्या बोटाला मुंग्या आल्या, त्यांनी बोट बदललं, पण काढलं नाही. एकदा मुकादम डोकावला आणि विचारायला लागला की हे काय, प्लँचेट करताय का. "व्हय," शकिला म्हणाली, "एका बाईचा आत्मा बोलवतोय." ते काही फार खोटं नव्हतं.

नवव्या दिवशी एकशे चाळिसावं पान आलं.

कावेरी टाकीच्या कवचात आहे. तडा तिने बुजवला आहे, पण लेप वाळेपर्यंत दार बंद राहिलं नाही तर पाणी जाणार. लेप वाळायला नऊ तास. आतली हवा चार तासांची. मुक्ता हे ओळखते, आणि कावेरीही. धामणकरबाईंनी मध्ये एकच ओळ लिहिली होती, 'श्रीरंगच्या यानाकडून त्या दिवशीही काही आलं नाही.' रतनचं बोट माझ्या बोटाला लागून होतं. ते तिने पाटीवर घट्ट दाबलं.

मी वाचायची थांबले.

"वाच," रतन म्हणाली. "थांबू नकोस."

मुक्ता चाक फिरवते. दार पक्कं आवळते. ती आई म्हणत नाही, माफ केलं म्हणत नाही, रडतसुद्धा नाही. बोलण्याच्या नळीपाशी जाते, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा तिच्याशी बोलते. विचारते, "पातळी किती?" आतून कावेरी सांगते, "दोनशे बारा." मुक्ता लिहून घेते. पाव तासाने पुन्हा विचारते. "दोनशे बारा." पुन्हा. "दोनशे बारा. टिकलंय." असे चार तास. आठ पानं बाईंनी त्यावर घालवली होती. एकीने विचारायचं, दुसरीने आकडा सांगायचा. शेवटी मुक्ता विचारते आणि उत्तर येत नाही. मग आपल्याच मनाने वहीत लिहिते, दोनशे बारा.

मी वाचलं. मला वाटलं होतं मी रडेन. मी नाही रडले. माझ्या डोक्यात सणक गेली.

"मेली ही बाई!" रतन ओरडली. "दुसरं सुचलं न्हाई हिला? अकरा वर्षं थांबवून ठेवलं, आणि मारून टाकली?"

"आन ती पोरगी!" शकिला म्हणाली. "दगड हाय दगड! एकदा आई म्हणायला काय जात होतं हिच्या बापाचं?"

"म्हणाली की ती," आक्काताई म्हणाल्या.

"कुठं म्हणाली? दाखवा!"

"चार तास तेच तर म्हणत होती. तुला ऐकूच येत न्हाई त्याला मी काय करू?"

"आक्काताई, उगंच बाईंची बाजू घेऊ नका," शकिला म्हणाली. "लेप तीन तासांत वाळला असता तर काय बिघडलं असतं? लिहिणं हिच्याच हातात होतं ना!"

"आणि त्या श्रीरंगला एक ओळ?" रतन म्हणाली. "एवढीशी एक ओळ? चांगली शिव्या घातल्या असत्या त्याला!"

सगळ्याजणी एकदम बोलत होत्या. कुणाचं बोट केव्हा निघालं कळलंच नाही, पाटी विझून पडली होती, आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मुकादम आत आला, अकरा बायका एका मेलेल्या बाईला तोंडाला येईल ते बोलतायत हे बघून दारातच उभा राहिला. गेल्या तीन आठवड्यांत आम्ही सगळ्याजणी एकाच पानावर पहिल्यांदा चिडलो होतो. रतन आपलं ताट उचलून माझ्या शेजारी आली आणि बसता बसताही भांडतच होती. मीही भांडत होते. माझं म्हणणं होतं की आठ पानं फार होतात, पाचांत भागलं असतं.

काम सुटल्यावर मी शेडच्या मागच्या कट्ट्यावर बसले. रविवार नव्हता. तरी फोन लावला. चार वेळा वाजला आणि पल्लवीने उचलला. तिच्यामागे कुठेतरी भांड्यांचा आवाज येत होता.

माझं नेहमीचं वाक्य ओठांवर आलं होतं. ते मी गिळलं.

"तिकडे पाणी रोज येतं का गं?" मी विचारलं.

भांड्यांचा आवाज थांबला. फोन बंद झाला नाही.

"एक दिवसाआड," पल्लवी म्हणाली. "सकाळी सहा ते सात."

"भरतेस कशात?"